निकाली

यंगस्टाऊन, ओहायो. पोलीस ठाण्याचं तळघर,
जिथे हीटरच्या पाइपांना बारा महिने घाम फुटलेला.
व्हर्लीन स्टब्स इथे एकवीस वर्षं गुन्ह्यांची बेरीज करते.
वजाबाकी वरच्या मजल्यावर होते.

डिसेंबर संपत आला की कॅप्टन ड्रागिच जिना उतरतो,
एका हातात कॉफी, दुसरा खिशात.
"किती?"
"खून चोवीस. निकाली चौदा."
"म्हणजे अठ्ठावन्न टक्के," तो म्हणतो. "वाईट नाही."
भागाकारात तो पहिल्यापासून पक्का.

"थांबा," व्हर्लीन म्हणते
आणि टेबलाखालून हिरवी वही काढते,
पेन्सिलीनं आखलेली, कोपरे कुरतडलेली.
"चौदातले पाच या वर्षीचे नाहीतच.
एक तर ब्याण्णवचा. मेला तेव्हा तो पोरगा एकोणीसचा होता,
आज त्याची मुलगी चौतीसची आहे.
यंदा अटक झाली म्हणून तो यंदाच्या खात्यात जमा.
उरले नऊ.
दोघांत संशयित आधीच कबरीत.
एकात सरकारी वकिलांनी फाईल परत पाठवली,
साक्षीदार बाई गाव सोडून गेली, पत्ता नाही.
तीही निकाली."

पाइपातून पाणी खळखळत जातं.

"उरले सहा," कॅप्टन म्हणतो.
"सहा. आणि अटक म्हणजे शिक्षा नव्हे.
उद्या ज्युरीनं सोडलं
तर इथला आकडा परत फिरत नाही."

मराठीत गणित सुटतं, गाठ सुटते,
आणि आरोपीही सुटतो. क्रियापद तेच.
तिथे ते म्हणतात, केस क्लिअर झाली,
रस्त्यावरचा बर्फ क्लिअर करतात तशी.
बाजूला सारलेला बर्फ
कुणाच्या तरी दाराशी साठतोच.

साउथ साइडला तो ओडेसा प्रिडमोरच्या दाराशी साठलाय.
दर जानेवारीत तिचा फोन येतो.
"माझ्या कॉर्डेलचं काय झालं?"
स्क्रीन सांगतो: निकाली, दोन हजार नऊ.
कसा? पुढे एकच अक्षर, ए.
ए म्हणजे गुन्हेगार मयत.
गुन्हेगार कोण, ते लिहायला
फॉर्ममध्ये जागाच नाही.

"मला तीन रकाने हवेत," व्हर्लीन म्हणते.
"गुन्हा कुठल्या वर्षीचा.
निकाली कसा निघाला, अक्षरात नाही, शब्दांत.
आणि घरच्यांना सांगितलं का."

कॅप्टन कॉफीकडे बघत राहतो.
"पंचवीस टक्के घेऊन मी कौन्सिलपुढे उभा राहू?"
"चोवीसातले सहा म्हणा. टक्के त्यांना काढू देत."
"आणि तिसरा रकाना? तो कुणी मागितलाय?"

ती उत्तर देत नाही.
तो नाही म्हणत नाही.
जिन्यावर त्याचे बूट हळू वाजतात,
उतरताना वाजले होते त्यापेक्षा हळू.

या वेळी ती जानेवारीची वाट बघत नाही.
मागच्या फडताळातून दोन हजार नऊची पेटी ओढते,
धूळ, रबर बँडचे तुकडे,
एका गुप्तहेराचं आडवंतिडवं अक्षर.
नाव सापडतं. फोन लावते.
मिसेस प्रिडमोर, म्हणते, आणि नाव वाचून दाखवते,
सावकाश, स्पेलिंगसकट.

पलीकडे टीव्ही चालू. मग बंद.
"हो," ओडेसा म्हणते. "मला माहीत होतं.
त्याच्या अंत्ययात्रेला माझ्या पुढच्याच बाकावर बसला होता तो.
मला फक्त बघायचं होतं,
तुमच्याकडे लिहिलंय का."

व्हर्लीन पेन्सिल उचलते.
तिसरा रकाना: घरच्यांना सांगितलं का.
'हो' लिहिते. खोडते.
'उशिरा' लिहिते. तेही खोडते.

मग पट्टी घेऊन बसते,
आणि रकाना थोडा रुंद करते.